पंधरा रेघांची पट्टी : एएनए प्रोफाइल संचाचे परीक्षण

प्रतिकारशक्तीशी संबंधित चाचण्या करणाऱ्या विभागात ज्या वस्तूशी माझा गेली अनेक वर्षे जवळजवळ रोज संबंध येतो, तिचे हे परीक्षण आहे. वस्तू दिसायला अगदी किरकोळ आहे : बोटभर लांबीची, काही मिलिमीटर रुंदीची, पातळ पांढरी पट्टी आणि तिच्या एका टोकाला छापलेला क्रमांक. ‘एएनए प्रोफाइल’ म्हणून (एएनए म्हणजे पेशीकेंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे, प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिने) डॉक्टर जी तपासणी लिहून देतात, ती पुष्कळ प्रयोगशाळांमध्ये अशा पट्टीवर होते. मी वापरते त्या संचातील पट्टीवर पंधरा ठिकाणी, डोळ्यांना न दिसणाऱ्या आडव्या रेघांच्या रूपात, पंधरा निरनिराळे प्रतिजन, म्हणजे प्रतिपिंडे ज्यांना चिकटतात ते रेणू, बसवलेले असतात आणि रुग्णाच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या द्रवात) त्यांपैकी ज्याच्या विरुद्ध प्रतिपिंडे असतील, तेवढीच रेघ शेवटी जांभळट निळी होऊन वर येते. अशा पट्ट्या अनेक कंपन्या बनवतात. मी वापरत असलेल्या संचाच्या कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण मी मांडणार आहे ते गुणदोष थोड्याफार फरकाने या जातीच्या सगळ्याच संचांना लागू पडतात. शिवाय माझी मुख्य तक्रार पट्टीविषयी कमी आणि ती वाचण्याच्या आपल्या सवयीविषयी जास्त आहे.

ही पट्टी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी बनवली गेली, ते आधी स्पष्ट केले पाहिजे. ल्युपस, शोग्रेन सिंड्रोम, सिस्टेमिक स्क्लेरोसिस (त्वचा घट्ट होत जाणारा आजार) आणि स्नायूंच्या दाहाचे काही प्रकार या आजारांत शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रकातील प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. ती आहेत की नाहीत हे पाहण्याची पहिली चाचणी स्लाइडवर होते. काचेवर वाढवलेल्या हेप-२ नावाच्या मानवी पेशींवर पातळ केलेले सीरम सोडायचे, धुवायचे, चमकणारे रंगद्रव्य जोडलेले दुसरे प्रतिपिंड सोडायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली केंद्रक हिरवे चकाकते का ते पाहायचे. (या पेशी स्वरयंत्राच्या कर्करोगातून आल्या असे पूर्वी मानले जाई. त्या खरे तर हेला पेशीच, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशी आहेत, हे नंतर उघड झाले. नाव मात्र तेच राहिले.) चकाकीची धाटणी आणि सीरम किती पातळ करेपर्यंत ती टिकते, या दोन गोष्टी स्लाइड सांगते, चकाकी नेमक्या कोणत्या प्रथिनामुळे आहे, हे ती बहुतेक वेळा सांगू शकत नाही. पट्टीचे काम तिथून सुरू होते. म्हणजे पट्टी हा दुसरा प्रश्न आहे, आणि पहिला प्रश्न न विचारताच दुसऱ्याचे उत्तर मागितले जाते तेव्हाच बहुतेक घोटाळे होतात.

पट्टीचे मोल कळायचे असेल तर तिच्या आधी काय होते ते आठवावे लागते. मेयो क्लिनिकमध्ये १९४८ साली हारग्रेव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ल्युपसच्या रुग्णांच्या अस्थिमज्जेत एलई पेशी (दुसऱ्या पेशीचे केंद्रक गिळलेली पांढरी पेशी) पाहिली, तिथून या सगळ्या शोधाला धागा मिळाला. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात चकाकीची चाचणी आली आणि १९६६ साली टॅन व कुंकेल यांनी एसएम प्रतिजनाचे वर्णन केले. त्या काळी प्रतिपिंडाची ओळख आगरच्या जेलमध्ये पटवली जाई. शेजारशेजारच्या खड्ड्यांत एकीकडे ऊतकाचा अर्क, दुसरीकडे रुग्णाचे सीरम आणि तिसरीकडे आधीच ओळखलेले सीरम घालून, दोन्ही सीरमच्या पांढुरक्या रेघा एकमेकींना सांधल्या जातात का, हे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उजेडासमोर धरून पाहायचे. मी शिकत असताना ही पद्धत एकदा हाताने केली आहे. तिच्यात संयम लागे, आणि जुन्या रुग्णांचे सीरम जपून ठेवावे लागे. आजच्या पट्टीवरची एसएम, रो, ला, जो-१ ही नावे त्याच जपून ठेवलेल्या सीरमच्या मालकांची आहेत, म्हणजे ज्यांच्या रक्तात ती प्रतिपिंडे प्रथम ओळखली गेली त्या रुग्णांच्या नावांची आद्याक्षरे आहेत. जेलच्या तुलनेत ही पट्टी सुमारे दोन तासांत पंधरा उत्तरे देते, सीरमचे जेमतेम काही थेंब वापरते आणि नवख्या टेक्निशियनलाही आठवडाभरात जमते. याबद्दल तिला पूर्ण श्रेय दिले पाहिजे.

आता प्रत्यक्ष वापर. संच थंड पेटीतून येतो आणि २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवावा लागतो. पट्ट्यांचे पाकीट फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडू नये, खोलीच्या तापमानाला येऊ द्यावे, नाहीतर पट्टीवर दव धरते. ही सूचना माहितीपत्रकात आहे, पण बारीक अक्षरांत आहे, आणि ती न वाचल्याचे परिणाम मी पाहिले आहेत. पुढची कृती सरळ आहे. चरे पाडलेल्या प्लास्टिकच्या तबकात प्रत्येक रुग्णाला एक चर, चरात एक पट्टी छापील बाजू वर करून, आधी ती द्रावणात भिजवायची, मग शंभर भाग द्रावणात एक भाग याप्रमाणे पातळ केलेले सीरम घालून अर्धा तास हलत्या फलाटावर ठेवायचे, तीन वेळा धुवायचे, विकर जोडलेले प्रतिपिंड घालून पुन्हा अर्धा तास, पुन्हा तीन वेळा धुणे आणि शेवटी दहा मिनिटे रंग देणारे द्रावण. या दहा मिनिटांत पट्टीसमोर उभे राहणे हा माझ्या कामातील अजूनही आवडता भाग आहे. कोऱ्या पांढऱ्या पट्टीवर आधी टोकाची नियंत्रण रेघ (चाचणी नीट झाली हे दाखवणारी) उमटते, आणि मग एखाद्या चरात, कोणी शाई टेकवल्यासारखी, रोची रेघ बघता बघता गडद होत जाते.

तबकाची रचना मात्र मला पहिल्यापासून खटकते. चरांमधल्या भिंती बुटक्या आहेत. एकदा एका सकाळी सलग तीन चरांत रो-५२ आणि रो-६०च्या रेघा दिसल्या : मधल्या चरात ठसठशीत आणि दोन्ही बाजूंच्या चरांत फिकट, जणू मधल्या पट्टीची सावली पडली आहे. तीन अनोळखी रुग्ण एकाच दिवशी, एकाशेजारी एक, एकाच जोडीला पॉझिटिव्ह येणे अशक्य नसते, पण संशय घ्यायला तेवढे पुरेसे असते. तिन्ही नमुने एकमेकांपासून लांबच्या चरांत पुन्हा लावले तेव्हा बाजूचे दोघे पूर्ण कोरे आले. सीरम घातल्यावर तबक उचलून फलाटावर ठेवताना हिंदकळले होते, एवढेच. कंपनीच्या प्रतिनिधीला हे दाखवले, तेव्हा त्यांनी तबक काळजीपूर्वक हाताळावे असा सल्ला दिला, जो माझ्यापाशी आधीच होता. तेव्हापासून आम्ही सीरम घालण्यापूर्वीच तबक फलाटावर ठेवतो, आणि शेजारच्या चरांत सारखीच रेघ आली की ती खरी धरण्याआधी चाचणी पुन्हा लावतो.

पट्टी वाळल्यावरच वाचायची असते. ओली पट्टी गडद दिसते आणि अधीर डोळ्याला तिच्यात नसलेल्या रेघाही दिसतात. वाचनासाठी संचाबरोबर स्कॅनर आणि संगणकप्रणाली मिळते. ती प्रत्येक रेघेचा गडदपणा मोजून आकडा देते आणि आकड्यावरून एक, दोन किंवा तीन अधिकचिन्हे छापते. स्कॅनरमुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या वाचकातला फरक मिटला, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा की, तो आकडा एखाद्या मापासारखा दिसतो, पण तसा तो नाही. तो रेघेच्या काळेपणाचा आकडा आहे. प्रतिपिंडाच्या प्रमाणाशी त्याचे नाते सैल आहे आणि आजाराच्या तीव्रतेशी तर नाहीच. तरीही ‘मागच्या वेळी तीन अधिक होते, आता दोन आहेत, म्हणजे औषध लागू पडतेय ना?’ असे विचारणारे फोन मला येतात, आणि ते केवळ रुग्णांचे नसतात.

सगळ्या रेघांना सारखे गुण देता येणार नाहीत. माझ्या मते या पट्टीवरची सर्वांत मनोरंजक जागा एसएम आणि आरएनपी या शेजारणींची आहे, आणि सर्वाधिक चुकीचे वाचनही तिथेच होते. पेशीकेंद्रकात आरएनएच्या कच्च्या मसुद्यातले अनावश्यक तुकडे कापून उरलेले सांधण्याचे काम जी लहान यंत्रे करतात, त्यांत यू-१, यू-२, यू-४, यू-५ अशा छोट्या आरएनएभोवती प्रथिनांचे एक सामाईक कडे असते. तेच एसएम प्रथिनांचे कडे. यू-१ यंत्रात या कड्याखेरीज ७०के, ए आणि सी अशी तीन स्वतंत्र प्रथिने असतात, आणि त्यांच्याविरुद्धच्या प्रतिपिंडांना आपण आरएनपी म्हणतो. लर्नर आणि स्टाइट्झ यांनी १९७९ साली ही यंत्रे पेशीतून बाहेर ओढून काढली, ती ल्युपसच्या रुग्णांच्या सीरमनेच. पेशीच्या मूलभूत जीवशास्त्राला रुग्णाच्या आजाराने अवजार पुरवल्याचे इतके सुंदर उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

आता पट्टीवर काय होते ते पाहा. तिच्यावरची एक रेघ शुद्ध एसएमची आहे आणि दुसरी अख्ख्या यू-१ यंत्राची, म्हणजे तिच्यात आरएनपीची प्रथिनेही आहेत आणि एसएमचे कडेही आहे. साहजिकच ज्याच्या रक्तात फक्त एसएमविरोधी प्रतिपिंडे आहेत, त्याचीही दुसरी रेघ उमटते. म्हणून दुसऱ्या रेघेचा अर्थ ‘आरएनपी’ असा तेव्हाच घ्यायचा, जेव्हा एसएमची रेघ कोरी असेल. दोन्ही उमटल्या तर एसएम नक्की आहे. आरएनपी सोबत आहे की नाही, हे पट्टी सांगू शकत नाही. आणि एसएमची रेघ फिकट उमटून यू-१ची पूर्ण कोरी राहिली, तर ती एसएम खरी मानण्याआधी दहा वेळा विचार करावा, कारण खऱ्या एसएम प्रतिपिंडाला दुसऱ्या रेघेतले तेच कडे न दिसण्याचे कारण नाही. संचाच्या माहितीपत्रकात रेघेचे नाव दोन्ही मिळून लिहिलेले आहे, हे प्रामाणिकच. पण संगणकप्रणालीतून निघणाऱ्या अहवालात दोन ओळी स्वतंत्रपणे छापल्या जातात आणि वाचणारा ‘एसएम पॉझिटिव्ह, आरएनपी पॉझिटिव्ह’ असे वाचून पुढे जातो. मिश्र संयोजी ऊतक रोग, ज्याचे वर्णन शार्प यांनी १९७२ साली केले आणि ज्याचे निदान आरएनपीच्या भरपूर प्रमाणावर उभे असते, त्याचे नाव एखाद्या ल्युपसच्या रुग्णाच्या फाइलवर चढायला एवढी एक छापील ओळ पुरते.

रोच्या बाबतीत पट्टीने खरोखर प्रगती केली आहे. रो-६० आणि रो-५२ ही दोन वेगळी प्रथिने आहेत, वेगळ्या जनुकांवरून बनतात आणि पेशीत वेगळी कामे करतात; जुन्या चाचण्या दोघांना एकाच नावाखाली मोजत. आता त्यांच्या दोन रेघा आहेत. दोन्ही एकत्र, आणि त्यांत लाची भर, असे दिसले की मन शोग्रेन किंवा ल्युपसकडे वळते. एकटी रो-५२ ठळक दिसली तर मी डॉक्टरांना फुप्फुसाकडे आणि स्नायूंकडे लक्ष देण्याविषयी टीप लिहिते, कारण एकटी रो-५२ मायोसायटिसमध्ये (स्नायूंच्या दाहात) आणि फुप्फुसाच्या ऊतकाच्या आजारांतही सापडते. शिवाय रोविरोधी प्रतिपिंडे स्लाइडवर कधी कधी निसटतात. स्लाइड निगेटिव्ह असूनही पट्टी मागवणे योग्य ठरते, अशा मोजक्या प्रसंगांत हा पहिला. गर्भवतीच्या बाबतीत तर या रेघेला दुसरी तोड नाही. आईला स्वतःला काहीही त्रास नसताना तिची रोविरोधी प्रतिपिंडे वारेतून बाळापर्यंत पोहोचतात, आणि अशा मातांपैकी सुमारे १ ते २ टक्क्यांच्या बाळांच्या हृदयाच्या विद्युतमार्गाला कायमची इजा होते. गर्भारपणाच्या अठराव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयावर बारीक लक्ष ठेवायचे की नाही, हे कधी कधी या एका रेघेवर ठरते. इथे पट्टी आपली किंमत वसूल करून देते.

एससीएल-७०च्या रेघेविषयी मात्र मला तक्रार नोंदवायची आहे. हे प्रतिपिंड टोपोआयसोमरेज-१ या विकराविरुद्ध असते. नावातले ७० हे वजन मूळ प्रथिनाचे नसून शुद्धीकरणात तुटलेल्या तुकड्याचे आहे, मूळ प्रथिन सुमारे १०० किलोडाल्टनचे. ही रेघ खरी असेल तर गंभीर आहे : त्वचा सर्वदूर घट्ट होणारा स्क्लेरोसिस आणि फुप्फुसाचा तंतुमय आजार यांच्याशी तिचे नाते आहे. पण हीच रेघ फिकट स्वरूपात खोटीही बऱ्याचदा उमटते, आणि रेघांच्या पट्ट्यांचा हा दोष या क्षेत्रातल्यांना चांगला ठाऊक आहे. एक तरुण स्त्री थकवा आणि केस गळण्याच्या तक्रारींवरून दुसऱ्या एका प्रयोगशाळेत केलेला अहवाल घेऊन आमच्याकडे आली होती. स्लाइड केलेलीच नव्हती. थेट पट्टी, आणि तिच्यावर एससीएल-७० समोर एक अधिकचिन्ह. त्या चिन्हाच्या आधारे तिने जे वाचायचे ते सारे वाचून काढले होते, आणि ती बोलताना सतत स्वतःच्या हाताच्या बोटांची कातडी चिमटीत धरून पाहत होती. आम्ही स्लाइड केली, ती निगेटिव्ह आली. खऱ्या टोपोआयसोमरेज प्रतिपिंडाची चकाकी ओळखू येते. केंद्रक, केंद्रिका आणि विभाजन होत असलेल्या पेशीतील गुणसूत्रे अशी ती सगळीकडे पसरलेली असते, आणि इथे तिचा मागमूसही नव्हता. वेगळ्या पद्धतीनेही चाचणी निगेटिव्ह आली. तिच्या बोटांना, नखांच्या मुळांतील केशवाहिन्यांना, फुप्फुसाला काही झालेले नाही हे संधिवाततज्ज्ञांनी तपासून सांगितले. ही पट्टीची चूक म्हणावी का? रेघ उमटली होती हे खरे होते. चूक ती एकटी कागदावर पाठवण्यात होती.

बाकीच्या रेघा थोडक्यात. सेंट्रोमिअरची (गुणसूत्राच्या जोडबिंदूची) रेघ विश्वासार्ह आहे, पण स्लाइडवर तो नमुना इतका स्वच्छ दिसतो, केंद्रकात मोजता येतील असे ठिपके आणि विभाजनाच्या वेळी ते मधोमध एका ओळीत, की पट्टी केवळ दुजोरा देते. पीसीएनएची (डीएनएची नक्कल होताना लागणाऱ्या प्रथिनाची) रेघ फिकट उमटली, तर माझ्या अनुभवात ती जवळपास कधीच स्लाइडशी जुळत नाही. हिस्टोनच्या (डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांच्या) रेघेचा उपयोग हायड्रालाझिन किंवा प्रोकेनमाइडसारख्या औषधांमुळे होणाऱ्या ल्युपससारख्या त्रासात होतो, एरवी ती गर्दी वाढवते. दुपदरी डीएनएची रेघ मी वाचते, पण तिच्या भरवशावर काही ठरवत नाही. त्यासाठी क्रिथिडिया या एकपेशीय जिवावरची चाचणी आहे. त्याच्या कायनेटोप्लास्टमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका वेगळ्या गोळ्यात, हिस्टोनची भेसळ नसलेला डीएनए असतो. आजाराचा चढउतार पाहायचा असेल तर आकड्यांत मोजणारी एलायझा ही चाचणी आहे. नव्या संचात डीएफएस-७० या केंद्रकातील प्रथिनाची रेघ घातली आहे, ही भर मला आवडली. निरोगी माणसांत स्लाइड जोरदार पॉझिटिव्ह येण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे, आणि ते एकटेच असेल तर रुग्णाला धीर देता येतो. एकटेच असेल तर, हे महत्त्वाचे.

नावाविषयी एक लहानशी कुरकूर. संचाचे नाव केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांचे, पण जो-१ हे प्रथिन पेशीद्रवातले, रायबोसोमल पी पेशीद्रवातले आणि एएमए-एम२ तर मायटोकाँड्रियाचे, यकृतातील पित्तनलिकांच्या आजाराशी जोडलेले. ही प्रतिपिंडे असलेल्याच्या स्लाइडवर केंद्रक काळेच राहू शकते, आणि मग ‘एएनए निगेटिव्ह, एएनए प्रोफाइल पॉझिटिव्ह’ असा, वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकणारा अहवाल तयार होतो. उलट, केंद्रकातलेच असूनही आरएनए पॉलिमरेज-३ हे विकर या पट्टीवर नाही. स्क्लेरोसिसच्या ज्या रुग्णांत हे प्रतिपिंड असते, त्यांना मूत्रपिंडाच्या अकस्मात बिघाडाचा धोका जास्त असतो. अशा रुग्णाच्या हातात ‘प्रोफाइल निगेटिव्ह’ असा कागद देणे मला बरे वाटत नाही. कंपनीची स्क्लेरोसिससाठी वेगळी पट्टी आहे हे मला माहीत आहे. पण ती वेगळी मागवावी लागते, हे पट्टी लिहून देणाऱ्या किती जणांना माहीत असते?

माहितीपत्रकातल्या विशिष्टतेच्या (आजार नसलेल्यांत चाचणी निगेटिव्ह येण्याच्या प्रमाणाच्या) आकड्यांविषयीही बोलले पाहिजे. ते बहुधा निदान पक्के झालेले रुग्ण आणि निरोगी रक्तदाते यांच्या तुलनेतून काढलेले असतात. माझ्याकडे येणारे नमुने या दोन्हीही गटांतले नसतात. ते सांधे दुखणाऱ्या, थकलेल्या, अंगावर चट्टे उठलेल्या माणसांचे असतात, ज्यांच्यापैकी बहुतेकांना यातला कोणताही आजार नसतो. शिवाय हिशेब सोपा आहे. प्रत्येक रेघ स्वतंत्रपणे ९९ टक्के विशिष्ट आहे असे उदारपणे धरले, तरी पंधरा रेघांपैकी किमान एक खोटी उमटण्याची शक्यता सुमारे १४ टक्के होते. स्लाइडबाबतही निरोगी माणसे निरपवाद नाहीत : टॅन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १:४० या पातळीवर (सीरम चाळीस पट पातळ केल्यावर) ३१.७ टक्के, १:८० ला १३.३ टक्के आणि १:१६० ला ५ टक्के निरोगी माणसे पॉझिटिव्ह होती. फरक इतकाच की, स्लाइड पॉझिटिव्ह आली तरी ती आजाराचे नाव घेत नाही. पट्टी घेते, आणि माणूस नावाला घाबरतो.

यात आणखी एक गोष्ट गुंतलेली आहे. ल्युपसच्या २०१९च्या वर्गीकरण निकषांत आधी स्लाइड किमान १:८० ला पॉझिटिव्ह असावी लागते, आणि मग एसएम किंवा दुपदरी डीएनए प्रतिपिंडाला ६ गुण मिळतात. एकूण १० गुण झाले, त्यांत एखादे वैद्यकीय लक्षण असले, की वर्गीकरण पूर्ण. म्हणजे एसएमच्या रेघेवरची जांभळ्या रंगाची एक अस्पष्ट छटा ही दहापैकी सहा गुण आहे. ती छटा नियंत्रण रेघेइतकी तरी आहे का, शेजारची यू-१ रेघ उमटली आहे का, स्लाइडवर ठिपक्यांची चकाकी आहे का, हे न पाहता ते गुण देणारा माणूस निकष पाळत असला तरी चाचणी वाचत नसतो.

तरीही फिकट रेघ दिसली की ती खोडून टाकावी, अशी उलट टोकाची सवयही मी लावून घेतलेली नाही. अमेरिकी सैन्यदलाच्या साठ्यात जपलेल्या सीरमवर झालेला २००३ सालचा अभ्यास मला थांबवतो. पुढे ल्युपस झालेल्या १३० जणांपैकी ८८ टक्के लोकांच्या रक्तात निदानाच्या आधीच किमान एक प्रतिपिंड सापडले होते, काहींच्या तर नऊ वर्षांहून अधिक आधी. रो आणि ला लवकर, एसएम आणि आरएनपी निदानाच्या जवळ येताना. आजची अर्थहीन रेघ ही उद्याची सुरुवात असू शकते. म्हणून स्लाइडशी जुळणारी फिकट रेघ मी अहवालात ठेवते आणि काही महिन्यांनी, लक्षणे बदलल्यास त्याआधी, पुन्हा तपासण्याचे सुचवते; स्लाइडशी न जुळणारी फिकट रेघ वेगळ्या पद्धतीने तपासल्याखेरीज बाहेर जाऊ देत नाही. या दोन वाक्यांवर आमच्या विभागात जितके वाद झाले, तितके दुसऱ्या कशावर झाले नसतील, कारण दुसऱ्या वाक्याने अहवालाला दोन दिवस उशीर होतो.

विकत घ्यायची की नाही, या प्रश्नाचे माझे उत्तर होकारार्थी आहे. स्लाइड पॉझिटिव्ह आहे आणि लक्षणे संशय घेण्याजोगी आहेत, रुग्ण गर्भवती आहे आणि रोची शंका आहे, किंवा स्लाइड निगेटिव्ह असूनही स्नायूंचा आजार समोर दिसतो आहे, अशा वेळी एवढ्या कमी वेळात एवढी माहिती देणारे दुसरे साधन माझ्या टेबलावर नाही. नुसत्या अंगदुखीसाठी, सर्वांगीण आरोग्य तपासणीच्या गठ्ठ्यात, किंवा ‘सगळे एकदाच करून टाकू’ म्हणून ती वापरायची असेल, तर मी ती कोणालाही सुचवणार नाही. पाच ताऱ्यांपैकी रो आणि सेंट्रोमिअरसाठी साडेचार, एसएम-आरएनपीसाठी वाचता येत असेल तर चार, एससीएल-७०साठी दोन, आणि तबकाच्या भिंतींसाठी एक.

सध्याचा संच या आठवड्यात संपतो आहे आणि मी तोच पुन्हा मागवला आहे. मागणीपत्राबरोबर या वेळी एक चिठ्ठी जोडली आहे : अहवालाच्या नमुन्यात स्लाइडच्या निकालासाठी, पट्टीच्या पंधरा ओळींच्या वर, एक सक्तीचा रकाना द्यावा, आणि तो रिकामा असेल तर पुढचे काहीच छापले जाऊ नये. प्रतिनिधीने तसा बदल प्रणालीत शक्य आहे असे कळवले आहे. तोवर आमच्या टेक्निशियन ताईंनी तो रकाना लाल शाईने हाताने आखायला सुरुवात केली आहे.